लोखंडाला चालणारी तेलं

४ नोव्हेंबर

खिळ्या,

तुझं कार्ड मिळालं. पाच वर्षांनी चार ओळी, त्याही बाबांच्या नावानं, आणि त्या चारात 'ताई कशी आहे' एवढंसुद्धा कुठे बसलं नाही. असो. अक्षर मात्र अजून तसंच आहे, मुंग्यांची रांग मोडल्यासारखं. दुकानाचं टपाल हल्ली मीच फोडते, म्हणून उत्तरही मीच देते आहे.

मिठाच्या गोदामावर राखणीला आहेस हे कळलं. त्यांनी दिलेली एकनळी बंदूक पुसून ठेवली तरी आठ दिवसांत गंज धरते, बंदुकीचं तेल तिकडे मिळत नाही, तर घरातलं कुठलं तेल चालेल, असं तू विचारलं आहेस. सगळं लिहिते. नीट वाच.

आधी बंदूक रिकामी कर. बंदूक दुरुस्तीच्या दुकानात वाढलेल्या माणसाला हे सांगायला नको, पण सांगते. बाबांनी चाळीस वर्षांत एकही बंदूक उघडून बघितल्याशिवाय कामाला घेतली नाही. उघड, नळीत बघ, मग करंगळी घालून बघ. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेव आणि तेलाचा हात त्यांना लावू नकोस. तेल काडतुसाच्या बुडाच्या टोपीत झिरपलं की ते वाया जातं.

आता तुझी चूक सांगते. तू पुसून लगेच तेल लावत असणार. मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. तू मिठावर तेलाचं पांघरूण घालतो आहेस आणि आत ते निवांत लोखंड खातं आहे. तेव्हा आधी गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं सगळी बंदूक पूस. पाण्याला घाबरू नकोस, लगेच कोरड्या फडक्यानं टिपून घे आणि घटकाभर उन्हात धर. तुझा तळहात आधीपासून घामट, त्यामुळे पुसल्यावर लोखंडाला उघडा हात लावू नकोस. लहानपणी बाबा नळीवरच्या डागावरून सांगायचे, हिला खिळ्यानं हात लावला.

मग रॉकेल. नळीतून रॉकेलचा बोळा चार वेळा फिरव, म्हणजे जुना चिकटा आणि काजळी सुटेल. खिडकी उघडी ठेव आणि बिडी ओढत असशील तर ती बाहेर ओढून ये. पेट्रोल वापरू नकोस, भडका उडेल. थिनर चिकटा काढतं, पण लाकडी दस्त्याचं पॉलिशही काढतं, आणि मग मला पुन्हा कार्ड टाकशील. रॉकेल धुण्यापुरतं. ते उडून जातं आणि लोखंड उघडं पडतं, म्हणून त्यावर दुसरं तेल हवंच.

ते दुसरं म्हणजे शिलाई मशीनचं तेल. शिंप्याकडे मिळेल, किराणा दुकानातही मिळेल. पातळ असतं, सुकून घट्ट होत नाही. कापडाला लाव आणि कापड बंदुकीला लाव, थेट ओतू नकोस. बोटाला ओल लागली पाहिजे, थेंब दिसता कामा नये. ते नसेल तर नवीन इंजिन ऑइल चालवून घे, गाडीतून काढलेलं काळं नको. गोडेतेल नको, चिकट होतं. खोबरेल नको, थंडीत गोठतं. महिनाभर नुसती ठेवायची असेल तर बाहेरून पेट्रोलियम जेलीचा हात फिरव. आणि पहाऱ्यावर नेण्याआधी नळी आतून कोरडी पुसून घे.

जवसाचं तेल फक्त लाकडाला.

एवढं झालं. आता जे सगळ्यात वर लिहायला हवं होतं ते खाली लिहिते, कारण वर लिहिलं असतं तर तू पुढचं वाचलं नसतंस. बाबा गेले. सोळा ऑगस्टला. तुझा पत्ता माझ्याकडे नव्हता, तो पहिल्यांदा या कार्डावर दिसला.

ताई


२१ नोव्हेंबर

खिळ्या,

तुझं पत्र आलं. चांगलं पानभर आहे. तीन प्रश्न विचारले आहेस, त्यांची उत्तरं देते.

बाबा कसे गेले. सकाळी दुकान उघडलं, एका दस्त्याला कानस मारत बसले, आणि म्हणाले छाती जड वाटते. दवाखान्यात नेलं. दोन दिवस होते. दुसऱ्या दिवशी नर्सला विचारत होते, खाटेच्या चाकांना तेल कधी घातलं होतं म्हणून. तिसऱ्या दिवशी पहाटे गेले. फार हाल झाले नाहीत.

कळवलं का नाही. कुठे कळवणार होते? तू गेलास तेव्हा सुरक्षा एजन्सीलासुद्धा पत्ता ठेवला नाहीस. मी दोनदा जाऊन विचारलं. तिथला सुपरवायझर म्हणाला, कामावरून काढलेल्या माणसाचे पत्ते आम्ही ठेवत नाही.

बाबा तुझ्याबद्दल काय म्हणायचे. काही म्हणत नसत.

नळीच्या तोंडाशी आलेला गंजाचा डाग रॉकेलचं फडकं गुंडाळून एक दिवस भिजत ठेव आणि मग तांब्याच्या नाण्याच्या कडेनं हलक्या हातानं खरवड. तांबं लोखंडापेक्षा मऊ असतं, ओरखडा पडत नाही. काचपेपर लावशील तर हात मोडीन.

बाकी तुझ्या पत्रातला शेवटचा परिच्छेद. तो मला वाचायचा नव्हता, पण वाचला. तू लिहिलं आहेस की अजूनही कधी एकटा असलास की उजव्या हाताचं पहिलं बोट टेबलावर दाबून बघतोस, वाकतं की नाही ते. बँकेत त्या दिवशी तिघं शिरले, तू बंदूक उचललीस, घोडा मागे ओढलास, चाप ओढलास, असं तुला आठवतं. पण बंदूक उडाली नाही. त्यांनी रोखपाल बाईंच्या डोक्यात सळई घातली आणि निघून गेले. मग सगळे म्हणाले, पहारेकरी नुसता उभा होता. गल्लीतली पोरं तुला 'पुतळा' म्हणायला लागली. तू लिहितोस की आधी वाटायचं लोक खोटं बोलतात, मग वाटायला लागलं आपल्याच आठवणीत घोळ आहे. चाप ओढला असता तर गोळी सुटली असती, सुटली नाही म्हणजे ओढलाच नाही, बोट गोठलं. आणि पुढे लिहिलं आहेस, 'बंदूक ताईनं स्वतः तपासली होती. दोष नाही असं तिनं लिहून दिलं, म्हणजे दोष नव्हताच.'

हे वाक्य वाचून मी दुकान बंद केलं. दुपारचे साडेबारा वाजले होते. एक गिऱ्हाईक बाहेर उभं होतं, त्याला म्हटलं उद्या या.

ताई


८ डिसेंबर

खिळ्या,

तुला एक सांगायचं आहे. मागच्या पत्रात सांगायला हवं होतं, जमलं नाही.

बंदुकीत दोष होता.

त्या दिवशी संध्याकाळी सुपरवायझर ती घेऊन दुकानात आला. एजन्सीच्या सगळ्या बंदुका आपल्याकडेच येत, हे तुला माहीत आहे. पोलिसांनी गोळी सुटली नाही एवढं लिहून घेतलं आणि बंदूक परत दिली. तुला ठेवायचं की काढायचं हे ठरवण्याआधी एजन्सीला आमचा कागद हवा होता. तो बाहेर चहा प्यायला गेला तेव्हा मी ती खोलली.

घोडा पडला की आतली सुई पुढे जाते आणि काडतुसाच्या टोपीवर आपटते. ती सुई तिच्या भोकात चिकटून बसली होती. भोकात पिवळट, मधासारखा चिकटा सुकला होता. वास घेतला तर जवस. जवसाचं तेल हवेनं सुकतं आणि त्याचा कडक पापुद्रा होतो. लाकडाला तेच हवं असतं म्हणून ते लाकडाला लावतात. लोखंडाच्या सांध्यात गेलं की सांधा जाम होतो. पहिल्या पत्रात मी एक ओळ लिहून पुढे गेले ती यासाठी.

मी रॉकेलनं सगळं धुतलं, मशीनचं तेल घातलं, सुई मोकळी झाली. मग घोडा पाडून बघितला, दहाच्या दहा वेळा बरोबर पडला. आणि कागदावर लिहिलं, बंदुकीत दोष नाही. लिहिलं तेव्हा नव्हताच.

का लिहिलं तेही सांगते. बाबांना तेव्हा मोतीबिंदू होता. वासही नीट येत नव्हता. दोन तेलांच्या दोन कुप्या बाकावर शेजारी शेजारी असत, दोन्ही सारख्या दिसणाऱ्या. बाबांच्या हातून चुकीची कुपी उचलली गेली. चाळीस वर्षांचं नाव होतं त्यांचं. आपल्या हातच्या तेलानं आपलाच पोरगा बदनाम झाला हे कळलं असतं तर ते त्याच दिवशी गेले असते. मी एकाला वाचवायला दुसऱ्याला सोडलं. तू तरुण होतास, मला वाटलं तू निभावून नेशील.

आता ते नाहीत, म्हणून सांगते आहे. तू त्यांना माफ कर. बोट टेबलावर दाबून बघणं बंद कर.

ताई


२७ डिसेंबर

खिळ्या,

तुझं पत्र काल आलं. पाकिटातला बाबांचा फोटो काढून तू ट्रंकेच्या तळाशी घातलास असं लिहिलं आहेस. आणि मला लिहिलं आहेस, 'ताई, एवढं ओझं तू एकटीनं वाहिलंस, मला वाईट वाटतं.'

फोटो ट्रंकेतून काढ आणि परत पाकिटात ठेव. आधी ठेव. मग पुढचं वाच.

बाबांनी काही केलेलं नाही. तुला हे माझ्या सांगण्याआधी आठवायला हवं होतं. मोतीबिंदू झाल्यापासून बाबा फक्त लाकूडकाम करत. दोन वर्षं त्यांनी एकाही बंदुकीची खोलणी केली नव्हती. तू तेव्हा घरातच राहत होतास, रोज बघत होतास. तरी मी सांगितलं आणि तू मानलंस. मागच्या वेळी तुझ्या स्वतःच्या बोटापेक्षा माझा कागद खरा धरलास आणि या वेळी तुझ्या डोळ्यांपेक्षा माझं पत्र. माझ्यावर एवढा विश्वास ठेवायला तुला कुणी सांगितलं होतं?

तेल मी घातलं.

बाबांच्या जवसाच्या तेलाचा डबा गळायला लागला होता. मी ते तेल मशीनच्या तेलाच्या रिकाम्या डब्यात ओतलं. डब्यावर चिठ्ठी लावायची होती. कात्री सापडली नाही, मग कुणीतरी आलं, मग राहिलं. तीन आठवड्यांनी एजन्सीच्या बारा बंदुका सहामाही तपासणीला आल्या. नवव्या बंदुकीला कुपी रिकामी झाली आणि मी त्या डब्यातून भरली. दहावीला घातलं, अकरावीला घातलं. बारावीला वास आला.

दहावी आणि अकरावी, दोन्हींचे स्क्रू आवळून झाले होते. सुपरवायझर जीप चालू ठेवून बाहेर हॉर्न वाजवत होता. एक खोलून धुवायला वेळ होता, दुसरी खोलायला नव्हता. दहावी गावाबाहेरच्या कारखान्याची होती आणि अकरावी तुझी. तुझ्या बंदुकीचा नंबर मला पाठ होता. मी कारखान्याची खोलली.

का, ते सरळ सांगते. ती परक्याची होती. परक्याची बंदूक बिघडली तर दुकानाचं नाव जातं, आणि तुझी घरचीच होती. मनात म्हटलं, खिळ्याची तर आहे, तो कुठे ओरडणार आहे, रविवारी सगळे एकत्र जेवायला बसलो की सांगू, एकदा घेऊन ये. आपल्या घरात नेहमी असंच झालं. बाहेरच्यांच्या बंदुका लखलखीत आणि आपल्या दाराची कडी कुरकुरणारी. रविवार आला, तू जेवलास, उठलास, मी विसरले. पुढचा रविवारही गेला. मग मला ते कधी आठवलंच नाही, त्या दिवशी संध्याकाळी सुई हातात घेईपर्यंत.

पहारेकऱ्यांनी बंदूक बाहेरून पुसायची, आत खोलायची नाही, असा एजन्सीचा नियम होता. म्हणजे तुला कळायचा काही मार्गच नव्हता.

अजून आहे. सुपरवायझर घाबरट, बंदूक कशी उघडतात हे त्याला माहीत नव्हतं, आणि पोलिसांनीही ती उघडून बघितली नव्हती. म्हणून नळीत काडतूस तसंच होतं. मी ते काढलं. टोपीवर खूण होती. नखानं दाबल्यासारखी, जेमतेम, पण बरोबर मधोमध. घोडा पडला होता, सुई कशीबशी पुढे सरकली होती, टोपी फुटायला जोर पुरला नाही. चाप ओढल्याशिवाय ती खूण होत नाही. मी ते काडतूस एप्रनच्या खिशात टाकलं आणि त्याच बनावटीचं कोरं काडतूस कागदाबरोबर परत दिलं. हे नुसतं खोटं लिहिणं नव्हतं. हे पुरावा बदलणं होतं आणि त्याला शिक्षा असते, हे मला तेव्हाही माहीत होतं.

पाच वर्षं मी स्वतःला बरीच औषधं पाजली. एक म्हणजे, उडाली नाही ते बरंच झालं, नाहीतर त्या तिघांतला एखादा मेला असता आणि तुझ्या हातून माणूस गेला असता. असेलही तसं. पण मी कुपी भरली तेव्हा माझ्या मनात कुणाचा जीव वाचवायचा नव्हता. मला जीपचा हॉर्न बंद करायचा होता.

आता तुझा तिसरा प्रश्न. बाबा तुझ्याबद्दल काय म्हणायचे. मी लिहिलं होतं, काही म्हणत नसत. तेही अर्धंच होतं.

त्या संध्याकाळी सुपरवायझर गेल्यावर बाबांनी मला विचारलं, "सुई अडकली होती का गं?" चाळीस वर्षं त्यांनी हेच काम केलं होतं, त्यांना पहिला संशय सुईचाच आला. मी म्हटलं, "नाही." त्यांनी परत विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की, बाबा." त्यांनी हात पुसले आणि म्हणाले, "म्हणजे पोरगं घाबरलं." त्यानंतर त्यांनी तुझं नाव काढलं नाही. त्यांनीही माझंच ऐकलं.

मागच्या वर्षी एकदाच बोलले. दस्ता घासत होते, मान वर न करता म्हणाले, "घाबरला तर घाबरला. सळई घेऊन तिघं अंगावर आले तर मीही घाबरलो असतो. त्यात घर सोडून जाण्यासारखं काय होतं?" मी समोर बसले होते. काडतूस माझ्यामागे स्प्रिंगांच्या खणात होतं, हात मागे केला असता तर लागलं असतं. मी म्हटलं, "चहा टाकू का?"

त्यांनी तुला माफ केलं होतं, खिळ्या, पण तू जे केलंच नव्हतंस त्याबद्दल. आणि तसंच समजून ते गेले. हे आता मला कशानंही दुरुस्त करता येत नाही. मला त्याची लाज वाटते. रोज वाटते, आणि लिहूनही ती कमी झालेली नाही.

तू उत्तर दिलं नाहीस तरी मी समजेन. पण हे पत्र जपून ठेव. त्याच्या पाठीमागे मी माझं पूर्ण नाव घालून सही केली आहे, कुठे दाखवायची वेळ आली तर असावी म्हणून.

ताई


१९ जानेवारी

खिळ्या,

तुझं पत्र नाही. येईल असं धरलंही नव्हतं. तरी झालेलं कळवते, कारण यातलं बरंच तुझं आहे.

आधी एजन्सीत गेले. तो सुपरवायझर आता तिथला मॅनेजर झाला आहे, पोटही त्या हिशेबानं वाढलं आहे. सगळं ऐकून म्हणाला, "ताई, पाच वर्षं झाली. आता उकरून काय मिळणार? तुमचं दुकान जाईल, आमचं नाव जाईल, आणि तो तर इथे नाहीच." मी म्हटलं, "तो इथे नाही म्हणूनच आले आहे." त्यानं लेखी घ्यायला नकार दिला. मी रजिस्टर पोस्टानं पाठवलं, पोचपावती आली.

मग पोलीस ठाण्यात. तिथल्या कारकुनानं जबाब घ्यायला चार फेऱ्या मारायला लावल्या. त्याला कळेना की तक्रार कुणाविरुद्ध लिहायची. मी म्हटलं, माझ्याविरुद्ध. तो म्हणाला, "अहो, असं कुणी करतं का?" शेवटी एका म्हाताऱ्या हवालदारानं काडतूस हातात घेतलं, चष्मा कपाळावर चढवला, खिडकीशी नेऊन टोपी बघितली आणि कारकुनाला म्हणाला, "लिही तू." काडतूस तपासणीला गेलं आहे. तुझ्या फाइलवर काय शेरा पडेल तो पडेल, पण ती उघडली गेली आहे. तुला जबाबाला बोलावतील. यायचं की तिकडूनच लेखी द्यायचं हे तू ठरव.

दुरुस्तीचा परवाना सोमवारी काढून घेतला. दुकानाला सील लागलं. बाबांची पाटी मी आदल्या दिवशीच उतरवून घरी आणली, म्हणजे सीलवाल्यांचा हात तिला लागायला नको. खटला होईल असं वकील म्हणतो. बघू. तोवर कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे मशीन दुरुस्तीला बसते. शिलाई मशीनला परवाना लागत नाही, आणि तेल कुठलं घालायचं ते आता मला चांगलंच माहीत आहे.

रडले का म्हणून विचारशील. पाटी उतरवताना रडले. सीलच्या वेळी नाही.

सगळ्यात शेवटी रोखपाल बाईंकडे गेले. हे मी पहिल्यांदा करायला हवं होतं, पण धीर होत नव्हता. त्या आता काउंटरवर बसत नाहीत, मागच्या खोलीत कागदपत्रं लावतात. मी समोरच्या खुर्चीत बसून बोलायला लागले तर त्या म्हणाल्या, "डावीकडे येऊन बसा. उजव्या कानानं मला ऐकू येत नाही." मला हे माहीत नव्हतं. पाच वर्षांत मी कधी चौकशीच केली नव्हती. खुर्ची उचलून डावीकडे नेली आणि सगळं सांगितलं, डबा, हॉर्न, चिकटा, काडतूस. माझं झाल्यावर त्यांनी टेबलावरचे कागद सारखे केले.

मग म्हणाल्या, "त्यांनी चाप ओढला हे तुम्ही मला आज सांगताय होय? मला त्याच दिवशी माहीत होतं. माझ्या उजव्या बाजूला उभे होते ते. टक् करून वाजलं. लगेच सळई बसली. मी जबाबात सांगितलं, तर साहेब म्हणाले, बाई, डोक्याला मार लागलाय, असे भास होतात. दोनदा सांगितलं. मग तुमचा तो कागद आला, बंदूक चांगली आहे म्हणून. तेव्हा मलाही वाटायला लागलं, असेल बाई भासच."



"पण भास असता तर गेला असता ना," त्या म्हणाल्या. कानाला हात लावला. "या कानानं शेवटचं ऐकलेलं तेच आहे. टक्. पाच वर्षं त्यात दुसरं काही गेलेलं नाही."

त्यांनी मला माफ केलं नाही, मीही माफी मागितली नाही. उठले तेव्हा त्या पुन्हा कागद लावायला लागल्या होत्या. दारापाशी पोचले तर मागून म्हणाल्या, "त्यांना लिहाल तेव्हा लिहा, मी ऐकलं होतं."

म्हणून लिहिते आहे. त्यांनी ऐकलं होतं, खिळ्या. तू ओढला होतास.

ताई